अक्कलकोटचे शेवटचे सात मैल

मुंबई आणि अक्कलकोट यांच्यात आकाशातून सरळ रेषा ओढली, तर ती साधारण ३९० किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या जेट विमानाला एवढे अंतर कापायला कागदावर अर्धा तास पुरतो. आता दोन गावांची नावे संगणकात घातली की असे उत्तर क्षणात मिळते, आणि आपण ते अंतराचे खरे माप म्हणून स्वीकारतो. माझे म्हणणे असे, की हे माप प्रवाशाच्या दृष्टीने फार अपुरे आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मुंबई-अक्कलकोट वाटेवर जे घडले, ते पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. दोन गावांमधला मोठा, मधला पल्ला वाफेने, विजेने आणि शेवटी विमानाने झपाट्याने आखडत गेला. पण प्रवास किती दूरचा वाटायचा, हे मात्र दर वेळी एखाद्या लहानशा, न सुटलेल्या तुकड्याने ठरवले. कधी तो तुकडा घाटात होता, कधी स्टेशन आणि गावठाण यांच्यामध्ये, तर कधी धावपट्टीच्या टोकाशी.

रेल्वे येण्यापूर्वीची वाट आधी पाहू. मुंबईहून निघालेला माणूस होडीने पनवेलला उतरे, बोरघाट चढून पुण्याला येई आणि तिथून इंदापूरमार्गे सोलापूर गाठी. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्याआधी घाटात माल बैलांच्या पाठीवरूनच चढे. पनवेल ते अक्कलकोट हा पल्ला अडीचशे मैलांच्या आसपास येतो. लादलेली बैलगाडी दिवसाला दहा-बारा मैल चालते असे धरले, तर वीस-पंचवीस दिवस झाले; आणि त्यात भीमा किंवा सीना दुथडी भरून वाहत असेल तर काठावर काढलेले दिवस वेगळे. चांगला घोडेस्वार तीच वाट आठवड्याभरात कापू शके. टप्प्याटप्प्याला माणूस बदलणारी डाक त्याहून लवकर पोचे. म्हणजे तेव्हाही मुंबई-अक्कलकोट अंतर सर्वांना सारखे नव्हते. सरकारी लखोट्याला ते काही दिवसांचे होते, सरदाराला आठवड्याचे, आणि कुटुंबकबिला घेऊन निघालेल्या यात्रेकरूला पाऊण महिन्याचे. हा भेद पुढे वाहने बदलली तरी मिटला नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ही तारीख सर्वांना पाठ असते. सोलापूरकडचा पुढचा इतिहास मात्र क्वचित सांगितला जातो, आणि तो या चर्चेत जास्त मोलाचा आहे, कारण ही वाट सलग बांधली गेली नाही. १८५६ मध्ये गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये घाटमाथ्यावरच्या खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ सुरू झाले, त्याच वर्षाअखेर ते दिकसाळपर्यंत गेले, १८५९ मध्ये बार्शी रोडला म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोचले, आणि जून १८६० मध्ये सोलापूरला. घाटाखाली रेल्वे, घाटावर रेल्वे आणि मधे घाट मोकळा, अशी अवस्था जवळजवळ पाच वर्षे टिकली. खोपोलीला उतरायचे, डोली, तट्टू किंवा गाडी करायची, सामान हमालांच्या डोक्यावर द्यायचे आणि वर जाऊन पुन्हा गाडीत बसायचे. सोलापूर ते मुंबई हे पावणेतीनशे मैलांहून थोडे अधिक. त्यातला पंधरा-सोळा मैलांचा तुकडा रुळांवाचून राहिला आणि साऱ्या प्रवासाची लय त्यानेच ठरवली. कापसाच्या गाठी दोनदा उतरवायच्या आणि दोनदा चढवायच्या, तर रेल्वेच्या वेगाचा व्यापाऱ्याला उपयोग किती?

तो तुकडा जोडायला लागलेली किंमत भयंकर होती. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आराखड्यात सुमारे १,८०० फुटांची चढण, पंचवीस बोगदे आणि गाडीची दिशा उलटवण्याचे एक स्थानक होते. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते. पटकीने, दरडींनी आणि सुरुंगांनी त्यांतले हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यानंतर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी अभियंते नेमून कंत्राट पुरे केले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. त्या दिवशी मुंबई ते सोलापूर रेल्वे पहिल्यांदा अखंड झाली. वीस दिवसांची वाट आता एका दिवसाच्या आसपास आली. त्यानंतरच्या कोणत्याही सुधारणेने, विमानानेसुद्धा, या पट्ट्यात एवढा वेळ वाचवलेला नाही. वीस दिवसांचा एक दिवस होणे ही उडी. त्यापुढे एका दिवसाचे सात तास आणि सात तासांचे पाच, ही तिच्या तुलनेत पावलेच आहेत.

आता अक्कलकोटकडे वळू. शाहू छत्रपतींनी ज्यांना पुत्रवत मानले, त्या फत्तेसिंह भोसल्यांच्या घराण्याचे हे संस्थान, क्षेत्रफळाने पाचशे चौरस मैलांहूनही किंचित कमी. मंगळवेढे, सोलापूर असे करीत श्री स्वामी समर्थ येथे १८५६-५७ च्या सुमारास आले आणि १८७८ साली येथेच समाधिस्थ झाले. ही वर्षे रेल्वेच्या वर्षांशेजारी ठेवून पाहावीत. स्वामी आले तेव्हा मुंबईहून येणाऱ्याला पाऊण महिना लागे. त्यांच्या वास्तव्याच्या चौथ्या वर्षाच्या आसपास सोलापूरला गाडी आली, सातव्या वर्षाच्या आसपास घाट जोडला गेला. सोलापूरच्या पुढचे काम १८६५ मध्ये सुरू झाले आणि १८७१ मध्ये रूळ रायचूरला मद्रास रेल्वेला मिळाले. मुंबई-मद्रास हा थेट लोहमार्ग अक्कलकोटच्या उत्तरेकडून निघून गेला. स्वामींचे शेवटचे दशक रेल्वेच्या काळातले आहे. स्वामीसुत म्हणून ओळखले गेलेले हरिभाऊ तावडे यांच्यासारखे मुंबईकर भक्त, मुंबईत उभा राहिलेला मठ, दर्शनासाठी दूरदूरहून होणारी ये-जा, हे सारे त्याच काळातले. भक्ती रेल्वेने निर्माण केली असे म्हणणे उथळपणाचे होईल. पण नोकरी-धंदा असलेला मुंबईकर चार-पाच दिवसांची सवड काढून अक्कलकोटला जाऊन येऊ शकतो, ही शक्यता रेल्वेनेच निर्माण केली. एका लहान संस्थानातले स्थान एका पिढीत महानगराच्या ओळखीचे झाले, यात त्या शक्यतेचा वाटा मानावाच लागेल.

रुळांबरोबर घड्याळही आले. अक्कलकोटचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे तेरा मिनिटे आधी माथ्यावर येतो. १८७० च्या सुमारास रेल्वेने सगळीकडे मद्रासची वेळ चालवायला सुरुवात केली, आणि ती अक्कलकोटच्या सूर्यवेळेपेक्षा सोळा मिनिटे पुढे होती. गावातल्या सावलीच्या भरवशावर निघालेल्याची गाडी चुकण्याचा संभव होता. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा हा फरक पंचवीस मिनिटांचा झाला. अंतर कोसांत न मोजता तासांत मोजण्याची सवय या भागाला लागली ती रेल्वे स्टेशनातल्या घड्याळामुळे, आणि ती सवय पुढे आपण विमानापर्यंत घेऊन आलो.

परंतु अक्कलकोटचे स्टेशन अक्कलकोटात नव्हते. लोहमार्ग मुंबई आणि मद्रास जोडण्यासाठी आखलेला. वाटेतल्या छोट्या संस्थानाची राजधानी गाठणे हा त्याचा हेतू नव्हता. त्यामुळे अक्कलकोट रोड हे स्टेशन गावापासून सात मैलांवर, म्हणजे अकरा किलोमीटरवर राहिले. मुंबई ते अक्कलकोट रोड हा सुमारे तीनशे मैलांचा प्रवास एका दिवसात होई. उरलेल्या सात मैलांना बैलगाडीने दोन-अडीच तास लागत, तेही गाडी मिळाली तर. रात्री उतरणाऱ्याला सकाळपर्यंत थांबणे भाग. १८७६-७७ च्या दुष्काळात, ज्याने सोलापूर जिल्ह्याची दैना केली, या उणिवेचा अर्थ फार क्रूरपणे दिसला. धान्य रेल्वेने स्टेशनापर्यंत येत होते, पण तिथून पुढे ते ओढायचे बैलांनी आणि बैल चाऱ्यावाचून मरत होते. रेल्वेने धान्य आणले तसे महाग बाजारांकडे नेलेही, हा वाद जुना आहे आणि त्यातला दुसरा पक्ष मला बराचसा खरा वाटतो. पण दोन्ही पक्षांना मान्य होईल असे एक आहे: धान्य स्टेशनात असणे आणि ते गावात असणे या निराळ्या गोष्टी होत्या.

याच जिल्ह्यात बार्शीची स्थिती सुरुवातीला अशीच होती. तिचे स्टेशनही दूर, वीसेक मैलांवर. पण बार्शीला कापूस आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ होती, आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने लंडनमध्ये कंपनी उभारून १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. पंढरपूरच्या वारकऱ्यांना तिने थेट चंद्रभागेजवळ आणून सोडले. अक्कलकोटच्या वाट्याला अशी गाडी आली नाही. पेठ लहान आणि यात्रा अजून वाढती, अशा गावासाठी भांडवल कोण घालणार, हा हिशेब त्यामागे असावा असे माझे अनुमान आहे. तुलना करायची तर तालुक्यातल्याच दुधनीकडे पाहावे. मानाने ते अक्कलकोटपेक्षा धाकटे गाव, पण रूळ अंगणातून गेले आणि तिथे व्यापारी पेठ वाढली. अक्कलकोट संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याच वर्षी प्रांतात एसटी सुरू झाली, आणि नंतरच्या वर्षांत त्या सात मैलांचा प्रश्न काही अंशी सुटत गेला. लोहमार्ग जवळून गेल्यावर सात मैलांना मोटारीची नियमित सोय होईपर्यंत पाऊण शतकाहून अधिक काळ गेला.

विमानाची गोष्टही याच मुद्द्याला पुष्टी देते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून सकाळी पुस मॉथ जातीचे छोटे विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. सोबत टपालाच्या पिशव्या होत्या, वजन ५५ पौंड. जुहूहून नेव्हिल व्हिन्टसेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. जे टपाल तोवर अक्कलकोट रोडवरून धडधडत जाणाऱ्या गाडीने मद्रासला जाई, त्याने प्रथमच सोलापूर जिल्हा बाजूला टाकून पश्चिमेकडून आकाशातली वाट धरली. भारतातल्या नागरी विमानसेवेचा आरंभ तो हाच. आणि त्या दिवशी अहमदाबादला विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. शंभर मैलांच्या वेगाने उडणारे यंत्रसुद्धा जमिनीवर येताच बैलाच्या चालीची वाट पाहत थांबले.

सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावर आहे. तिथे धावपट्टी अनेक वर्षांपासून आहे; किंगफिशर कंपनीने मुंबईला विमान थोडा काळ चालवलेही, मग ते बंद झाले. पुढे नियमित सेवेच्या आड आली ती जवळच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी. उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत ती अडथळा ठरवली गेली आणि वर्षानुवर्षे न्यायालये, मोर्चे आणि निवडणुकीची भाषणे त्या एका चिमणीभोवती फिरत राहिली. कारखाना हजारो ऊस उत्पादक सभासदांचा. त्यांच्या दृष्टीने विमान हे दुसऱ्या कुणाच्या सोयीचे आणि चिमणी आपल्या उसाच्या दामाची. ही बाजू हलकी नव्हती. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले, ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सुरू झाले, आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी, टाटांच्या उड्डाणाला बरोबर ९३ वर्षे पुरी होताना, मुंबई-सोलापूर विमान. मुंबई आणि सोलापूर यांच्यामधले ३६० किलोमीटर आकाश सदैव मोकळेच होते. अडले होते ते शंभर मीटरांहूनही कमी उंचीच्या एका बांधकामापाशी. बोरघाटात जे पंधरा मैलांनी केले, तेच येथे एका चिमणीने केले.

आता हिशेब मांडू. हे ३६० किलोमीटर जेटच्या कमाल वेगाने अर्ध्या तासाच्या आतले. वेळापत्रकात मात्र सुमारे एक तास किंवा थोडा जास्तच वेळ धरावा लागतो. मुंबईच्या गर्दीच्या धावपट्टीकडे सरकत जाणे, चढणे, वळसा, उतरणे, यांना वेग उपयोगी पडत नाही. त्यात विमानतळावर आधी पोचण्याचे दीड-दोन तास, उतरून बाहेर येण्याची वीस-पंचवीस मिनिटे, आणि सोलापूरहून अक्कलकोटचे ३५ ते ४० किलोमीटर, म्हणजे पाऊण ते एक तास घाला. मुंबईत घरून विमानतळ गाठायचा वेळ वेगळाच. सारे मिळून पाच-साडेपाच तास होतात. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत मुंबई ते सोलापूर ४५५ किलोमीटर साडेसहा तासांच्या आसपास घेते; तिच्यात घरून स्टेशन आणि पुढे अक्कलकोट मिळवले तर आठ-साडेआठ. आकाशात विमान गाडीच्या अकरा पट वेगाने जाते आणि घरापासून अक्कलकोटच्या स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिरापर्यंतच्या प्रवासात जेमतेम तीन तास वाचवते. उलट न्यूयॉर्क ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा-सोळा तासांचे उड्डाण. तिथे दोन्ही टोकांचे चार तास प्रवासात विरून जातात. अंतर जितके कमी, तितका टोकांचा भार जास्त. म्हणून न्यू जर्सीहून दर्शनाला येणाऱ्या मराठी कुटुंबाला समुद्रापलीकडची रात्र झोपेत जाते आणि खरी दमणूक होते ती मुंबईत उतरल्यानंतर.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की टोकाचा वेळ माणसागणिक बदलतो, तेव्हा तुलनेसाठी उड्डाणाचा वेळ हेच एक निर्विकार माप उरते. वैमानिकाला आणि इंधन भरणाऱ्याला ते माप हवेच. पण धोरण ठरवणाऱ्याने आणि प्रवाशाने तेच माप धरले तर पैसा मधल्या पल्ल्यावर ओतला जातो आणि टोके तशीच राहतात. अक्कलकोट रोडचे पाऊण शतक याचा पुरावा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भक्ताला वेळेचे काय, लोक तर पालखीबरोबर पायी चालत अक्कलकोटला येतात. खरे आहे, आणि त्या चालण्याबद्दल मला आदर आहे. मात्र पायी येणारा आपल्या इच्छेने पायी येतो. गुडघे धरलेली आजी, आजारी मूल घेऊन आलेली आई, एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून आलेला गिरणीतला माणूस यांना ती निवड नसते; अक्कलकोटात १९८८ मध्ये सुरू झालेल्या अन्नछत्राच्या पंक्तीत रोज बसणाऱ्यांतही अशी माणसे असतात. तिसरा आक्षेप, सोलापूर-अक्कलकोट रस्ता आता चौपदरी झाला आहे, मग प्रश्न उरला कुठे? ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यापुरता तो सुटला, हे मान्य. १८५५ मध्येही घोडेस्वाराचा प्रश्न सुटलेलाच होता. बैलगाडीवाल्याचा नव्हता. आज त्याच्या जागी रात्री अक्कलकोट रोडला उतरून रिक्षाचा भाव विचारणारा प्रवासी आहे.

म्हणून सोलापूरला विमान आल्याचा आनंद मानावा आणि त्याच वेळी मागणी नेमकी ठेवावी. नवे उड्डाण किंवा आणखी वेगवान गाडी मागण्याआधी अक्कलकोट रोडला थांबणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आणि होटगी रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येक विमानाच्या वेळेला जुळणारी, रात्रीसुद्धा सुटणारी एसटी मागावी. त्यासाठी बोगदे खणायचे नाहीत, चिमणी पाडायची नाही. अक्कलकोट आगार, रेल्वे आणि विमानतळ यांची तीन वेळापत्रके एका टेबलावर ठेवून जुळवायची आहेत. तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी आणि देवस्थानांनी मिळून एवढे एक काम हाती घ्यावे.